शेऱ्याचा रकाना

परवा माझी मुलगी मोबाइलवर माझा कसलासा फॉर्म भरून देत होती. मध्येच तिनं विचारलं, "बाबा, आजीचं जन्मसाल काय?" आजी म्हणजे माझी आई. मी म्हटलं, "कुणालाच माहीत नाही. रिकामं ठेव." ती म्हणाली, "रिकामं ठेवलं तर पुढे जातच नाही. टाकते काहीतरी अंदाजे." आणि तिनं टाकलंही. मी तिच्या हातातून फोन हिसकावला आणि असा ओरडलो, की स्वयंपाकघरातून बायको ब्लडप्रेशरची गोळी घेऊनच बाहेर आली.

मुलीची काही चूक नव्हती. सगळं जग असंच करतं. एकेकाळी मीही केलं होतं. फरक इतकाच, की मी केलं तेव्हा भिंतीपलीकडच्या खोलीत कीरबाई बसलेल्या होत्या.

मिरकरवाड्याच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर तेव्हा मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. आता नाही. मालक बदलले, पाटी बदलली, आज त्या जागी गाड्यांचं शोरूम आहे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला मी तिथे टायपिस्ट होतो. वय बत्तीस, दोन मुलं, भाड्याचं घर. कीरबाई तिथल्या टाइम ऑफिसात होत्या. टाइम ऑफिस म्हणजे फाटकाला लागून असलेली एक खोली आणि तिला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी. सकाळी आठच्या आत कोळंबी सोलणाऱ्या शंभर-सव्वाशे बायका त्या खिडकीपुढून सरकायच्या, कीरबाई एकेकीची हजेरी मांडायच्या आणि मगच ती बाई फाटकाच्या आत यायची. खिडकी बंद असेल तर एकही बाई आत घ्यायची नाही, असा कंपनीचाच नियम होता.

बाई उंचीला बेताच्या, रंगानं सावळ्या, अंगानं काटक. मनगटावर पुरुषी घड्याळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. टेबलावर नारळाची एक करवंटी. ब्लेडनं पेन्सिल तासायची आणि सालपटं करवंटीत टाकायची, हा त्यांचा दिवसाचा पहिला कार्यक्रम. रागीट म्हणून त्या अख्ख्या कारखान्यात प्रसिद्ध होत्या आणि ती प्रसिद्धी खरी होती. पण त्यांचा राग ओळखायची खूण वेगळी होती. त्या ओरडत असतील, "मेल्या, अक्कल गहाण टाकलीस काय?" असं म्हणत असतील, तर काळजीचं कारण नसे, ते त्यांचं रोजचं बोलणं. आवाज खाली आला आणि त्या समोरच्याला 'आपण' म्हणू लागल्या, की समजायचं, हा माणूस बाईंच्या मनातून उतरला. बर्फाच्या ठेकेदाराला एकदा त्या म्हणाल्या, "आपण बसा." तो बिचारा तीन दिवस घाबरून फाटकाकडे फिरकला नव्हता.

बाईंची हजेरीची वही हे एक प्रकरणच होतं. जाड, कापडी बांधणीची, मांडीएवढी लांब. बिल्ला नंबर, नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, हे सगळं निळ्या शाईत, आणि अगदी शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मात्र पेन्सिलीत. "कपाळावर देवीचे वण." "नवऱ्याचां नाव विचारू नये, आवशीचां लिहिलंय." (आवस म्हणजे आई.) "पावसात दमा." "हसते फार, काम चोख." कंपनीनं हा रकाना कधी मागितला नव्हता. बाईंनी तो स्वतःच आखलेला.

शेरा पेन्सिलीत का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नाव बदलत नाय, गाव बदलत नाय. माणूस बदलतो रे. त्याला शाईत कशाला बांधून घालायचा?" आणि खरंच, एखादीचा शेरा खोडरबरानं पुसून त्या नवा लिहायच्या. 'तोंडाळ' होतं तिथे वर्षभरानं 'तोंडाळ, पण खरी' असं झालेलं मी पाहिलं आहे.

जन्मतारखेचा रकाना मात्र अर्ध्याहून अधिक रिकामा होता. बायकांना तारखा ठाऊक नसायच्या. एखादी सांगायची, "शिमग्याच्या पालखीत आवशीला कळा लागल्या म्हणतात," दुसरी सांगायची, "मोठा तुफान झाला, त्याच्या फुडल्या वर्षी." कीरबाई ऐकून घ्यायच्या आणि रकाना रिकामा ठेवायच्या. वर म्हणायच्या, "ठाऊक नाय तर नाय. रिकाम्या जागेनं आजवर कुणाचां वाटोळां केलान नाय."

यामागे त्यांचं स्वतःचं एक दुखणं होतं. शाळेत घालताना त्यांच्या मास्तरांनी, आपल्याकडे सगळेच मास्तर लिहायचे तशी, एक जून ही जन्मतारीख लिहून टाकली होती. वय पुरावं म्हणून सालही दोन वर्षं मागे ढकललं होतं. "मास्तरानं मला पहिल्याच दिवशी दोन वर्षांनी म्हातारी करून टाकलीन," असं त्या सांगायच्या. ऐकणारा हसायचा. बाई हसत नसत. त्या दोन वर्षांची किंमत त्यांना नोकरीच्या शेवटी मोजायची होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझीही तारीख एक जूनच. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची एक जून. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

अशा कारखान्यात कॉम्प्युटर आला. टाइम ऑफिसच्या शेजारची खोली त्याच्यासाठी रिकामी केली, रंगवली, गार हवेचं यंत्र बसवलं. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मगच आत. फॅक्टरी मॅनेजरांनी तशी पाटीच लावली. पहिल्या दिवशी कीरबाई दारात आल्या, पाटी वाचली, पायपुसण्याकडे बघितलं आणि चपला घालूनच उंबऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, तिकडे हॉलात बाया आठ-आठ तास बर्फाच्या पाण्यात उभ्या असतात. बोटां पांढरी फटक पडतात त्यांची. त्यांच्या पायाखाली गोणपाट टाका म्हणून मी दोन वर्षं मागतंय, तर पैसे नाय. आणि ह्याला पायपुसणां?"

मॅनेजर म्हणाले, "बाई, हे नाजूक मशीन आहे."

"व्हय. बाया नाजूक नसतात," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. गोणपाट काही आलं नाही. मॅनेजरांनी तो विषय मस्करीवारी नेला, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो. खोलीतली गार हवा मला आवडायला लागली होती. मला टायपिंग येत होतं म्हणून कॉम्प्युटरवर मला बसवलं होतं, पगारात थोडी वाढ दिली होती, आणि बंदरावरच्या ओळखीच्या माणसांत मी एकाएकी 'कॉम्प्युटरवाला' झालो होतो.

काम असं होतं. मुंबईच्या हेड ऑफिसनं कामगारांसाठी एक प्रोग्रॅम विकत घेतला होता. त्यात पडद्यावर एक फॉर्म यायचा. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, बिल्ला नंबर. एकेका बाईचा फॉर्म हातानं भरायचा तर फार दिवस गेले असते. म्हणून मुंबईहून आलेल्या प्रोग्रॅमवाल्यानं एक युक्ती केली. सगळी माहिती आधी मी आडव्या-उभ्या रकान्यांच्या तक्त्यात टाइप करायची, एका ओळीत एक बाई. मग त्यानं लिहिलेली एक छोटी आज्ञावली तक्त्यातली एकेक ओळ उचलून फॉर्मच्या एकेका जागेत आपोआप टाकत जाणार. समोर कुणी नसताना पडद्यावर हिरवी अक्षरं भराभर उमटत जायची. आम्ही सगळे ते बघायला उभे राहायचो.

पावसाळ्यात बंदर बंद असतं, कारखान्यातही काम कमी. त्या दिवसांत मी बाईंची वही समोर ठेवून तक्ता टाइप केला. शेऱ्यासकट, जसाच्या तसा. बाईंनी शेजारी बसून ओळन् ओळ ताडून पाहिली. मला चहा पाजला. "अक्षर चांगलां तुझां, आणि मशीनवर पण घाई करत नायस," असंही म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असं काही निघणं म्हणजे दुर्मीळ गोष्ट, मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

पहिल्यांदा आज्ञावली चालवली आणि गोंधळ झाला. ती बिनडोक होती. चौकट रिकामी दिसली, की ती जागा सोडून द्यायची हे तिला कळत नव्हतं; ती पुढच्या चौकटीतला मजकूर उचलून तिथे टाकायची आणि त्यापुढचं सगळं एकेक घर सरकायचं. जन्मतारीख रिकामी असली, की तिथे रुजू झाल्याची तारीख जाऊन बसायची. यादी छापून आली तेव्हा आमच्या कारखान्यात पाच वर्षांच्या, सात वर्षांच्या साठ-सत्तर बायका कोळंबी सोलत होत्या.

चूक प्रोग्रॅमवाल्याची होती. पण तो मुंबईचा, टाय लावणारा. मॅनेजरांनी यादी बाईंच्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, "हा तुमच्या रिकाम्या रकान्यांचा पराक्रम! तीस वर्षं वही लिहिता आणि तारखा भरता येत नाहीत?"

बाई म्हणाल्या, "खोट्या भरता येतात. खऱ्या ठाऊक नायत."

"मशीनला रिकामं चालत नाही."

"मग मशीनला शिकवा. चार पैसे घेतलेत ना त्यानं?"

मॅनेजर तडक माझ्या खोलीत आले. मला म्हणाले, "एकही चौकट रिकामी दिसता कामा नये. आणि शेवटचा तो शेऱ्याचा रकाना उडव, फॉर्ममध्ये त्याला जागाच नाही. परवा मुंबईला फ्लॉपी गेली पाहिजे." जाता जाता म्हणाले, "बाईंना विचारत बसू नकोस."

मी विचारलं नाही. विचारायला उठून दहा पावलं जायचं होतं, गेलो नाही. शेऱ्याचा रकाना एका झटक्यात पुसला. जुना तक्ता मात्र एका फ्लॉपीवर ठेवून दिला, आणि तिच्यावर चिठ्ठी लावली: 'मूळ, शेऱ्यासह'. मग रिकाम्या तारखा भरायला घेतल्या. हात आपोआप एक जूनवर गेला. माझ्या मास्तरांचा गेला होता तसाच. साल अंदाजानं. तिशीच्या आसपासची वाटते तिला साठ साल, चाळिशीची वाटते तिला पन्नास साल. दुपारच्या जेवणाआधी माझं काम संपलं. आज्ञावली गुळगुळीत चालली, मॅनेजरांनी पाठ थोपटली. रकाना काढल्याचं बाईंना कुणाकडून तरी कळलं तेव्हा त्या खिडकीतूनच मला म्हणाल्या, "एवढ्या बाया एकमेकींपासून कशा ओळखणार रे तू? छापलेली यादी मला दाखव." मी म्हटलं, "बघू." दाखवली नाही.

आता त्या दोन सुनंदांविषयी सांगायला हवं. दोघी नाटे गावच्या, दोघींची नावं सुनंदा गणपत पावसकर. यात नवल काही नाही. त्यांचे नवरे चुलत भाऊ, दोघांनाही आज्याचंच नाव ठेवलेलं. दोघे इथे बंदरावर ट्रॉलरवर होते, म्हणून बिऱ्हाडं मिरकरवाड्यात शेजारी-शेजारी. लग्नात दोघींची नावं बदलली, त्या काळात सुनंदा हे नाव बरंच चालायचं. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली नऊ वर्षं कामाला होती, धाकटी सहा. वहीत थोरलीपुढे शेरा होता, "उजवी करंगळी अर्धी." ती कारखान्यातच, बर्फ फोडताना गेली होती. धाकटीपुढे, "हनुवटीवर गोंदण. थोरलीला विचारल्याबिगर बोलत नाय." दोघी मला चाळिशीच्या वाटल्या होत्या. दोघींना मी एक जून एकोणीसशे पन्नास दिली होती.

त्या वर्षी सरकारच्या कामगार ऑफिसनं कंपनीमागे लकडा लावला होता, की पाच वर्षं झालेल्या बायकांना कायम करा. कायम म्हणजे पावसाळ्यात घरी न बसवता पगार, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा. ह्या बायकांच्या आयुष्यात असलं काही आधी कधी घडलं नव्हतं. मुंबईनं यादी कॉम्प्युटरवरूनच काढली, मंजूर केली, शिक्का मारून पाठवली. दसऱ्याच्या आधी ती फाटकाजवळच्या फळ्यावर लागली. बायकांनी गलका केला, एकीनं फळ्याला हळदकुंकू लावलं. वाचता येणाऱ्या बायका बाकीच्यांना नावं वाचून दाखवत होत्या. सुनंदा गणपत पावसकर हे नाव एकदाच होतं. नावापुढचा बिल्ला नंबर धाकटीचा.

थोरली खिडकीशी आली. "बाय, माझां नाव कुठंय?"

कीरबाई बाहेर आल्या. यादीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग थेट माझ्या खोलीत आल्या, चपला घालून. पडद्यावर फॉर्म काढायला लावला. जन्मतारखेच्या जागेकडे बघितलं. पुढच्या बाईचा काढायला लावला. त्याच्या पुढचा. एक जून, एक जून, एक जून. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि तारीख जुळली, की तो प्रोग्रॅम ती एकच बाई समजून पहिल्या नोंदीवर दुसरी चढवत होता. नऊ वर्षं काम केलेली, बोट घालवलेली बाई त्यानं बिनआवाज पुसली होती. पुसायला लागणारी जागा मी करून दिली होती.

बाईंबरोबर मॅनेजरांकडे गेल्यावर खरा संताप यावा असं घडलं. एखादा सरळ माणूस म्हणाला असता, चूक झाली, मुंबईला पत्र टाकू. पण मुंबईहून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना चूक कळवायची, म्हणजे प्रोग्रॅमवर खर्चलेल्या पैशांचा प्रश्न येणार. मॅनेजर म्हणाले, "मशीन चुकत नाही. एकाच बाईच्या नावावर दोन बिल्ले चालवलेले दिसतात. वर्षानुवर्षं दोन हजेऱ्या. हजेरी कोण मांडतं?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी बाईंची वही चौकशीसाठी म्हणून काढून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. बाईंना एक कागद दिला, 'वहीत दुबार नोंद होती' असं कबूल करणारा. सही करा, प्रकरण मिटवतो. आणखी असंही म्हणाले, की मे महिन्यात तुमची अठ्ठावन्न पुरी होताहेत, दोन वर्षांची मुदतवाढ आम्ही देणारच होतो, उगाच वाकडं कशाला?

मास्तरांनी चोरलेली दोन वर्षं कंपनी त्यांना परत देत होती. मोबदल्यात फक्त एक बाई द्यायची होती.

बाई माझ्याकडे आल्या. गार हवेच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या म्हणाल्या, "वही त्यांच्याकडे. पण तू पयला तक्ता केला होतास, शेऱ्यासकट. मी ताडून पाहिलेला. तो असेल ना रे तुझ्याकडे? तेवढा छापून दे. अर्धी करंगळी आणि हनुवटीवरचां गोंदण एका बाईला असू शकत नाय, हे त्या गाढवालाही कळंल."

मी म्हणालो, "तो पुसला, बाई."

असं का म्हणालो, याची उत्तरं मी पस्तीस वर्षं स्वतःला देतो आहे आणि सगळी खोटी आहेत. खरं उत्तर इतकंच, की छापून दिलं असतं तर तारखा कुणी भरल्या हेही निघालं असतं, आणि मला माझी खुर्ची हवी होती. मी बोललो तेव्हा माझा टेबलाचा खण अर्धा उघडा होता. वरच फ्लॉपी होती, तिच्यावर माझ्या चांगल्या अक्षरात 'मूळ, शेऱ्यासह'. बाईंनी ती वाचली. मला वाटलं, आता त्या ओरडतील, मेल्या म्हणतील, कानफटात देतील. द्यायला हवी होती. त्यांनी हात पुढे करून तो खण हळूच बंद केला आणि म्हणाल्या, "आपण काम करा."

फ्लॉपी त्यांनी का उचलली नाही, कुणास ठाऊक. बहुधा ती मी द्यायला हवी होती.

त्याच दुपारी त्या दोघी सुनंदांना हॉलमधून घेऊन आल्या. बायका अनवाण्या, ओल्या, हातांना कोळंबीचा वास. पाटी, पायपुसणं, काही न जुमानता त्यांना सरळ कॉम्प्युटरपुढे उभं केलं आणि मॅनेजरांना बोलावून घेतलं. "ही एक. ही दुसरी. मोजा आपण."

थोरलीनं हात पुढे केला, अर्ध्या करंगळीसकट. मॅनेजर त्या हाताकडे बघेनात. म्हणाले, "बाई कुठलीही आणून उभी करता येते. कागद दाखवा." मी तिथेच होतो, कीबोर्डवर हात ठेवून. फरशीवर त्यांच्या पावलांचं पाणी साठत होतं आणि माझ्या डोक्यात विचार आला तो असा, की हे पुसायला कोणाला सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर कोळंबीच्या होड्यांची रीघ लागली होती, मोसमातली सगळ्यात मोठी आवक. साडेसातला टेम्पो येऊन उभे राहिले. बायका खिडकीपुढे रांगेत. पहिल्या नंबरावर कीरबाईंनी मुद्दाम थोरलीला उभं केलं होतं. ऑफिसनं हजेरीसाठी नवी छापील यादी दिली होती, अर्थात थोरलीचं नाव नसलेली. बाईंनी ती उघडली, थोरलीला मोठ्यानं विचारलं, "नाव?"

"सुनंदा गणपत पावसकर."

"बिल्ला?"

तिनं सांगितला. बाईंनी यादी बघितली आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "ह्या यादीत ही बाई नाय. माझ्यासमोर तर उभी हाय. म्हणजे यादी तरी खोटी, नायतर माझे डोळे. खोट्या यादीवर मी हजेरी मांडणार नाय." आणि खिडकी लावून घेतली.

खिडकी बंद तर फाटक बंद. नियम कंपनीचाच. बायका रस्त्याच्या कडेला बसल्या. एकीनंही धक्काबुक्की केली नाही, घोषणा दिली नाही. टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत होतं. नऊ वाजले, दहा वाजले. मॅनेजरांनी खिडकीवर थापा मारल्या, रखवालदाराला फाटक उघडायला सांगितलं. फाटक उघडलं, पण एकही बाई उठली नाही. "बाईंनी मांडल्याबिगर आमी कशा येऊ? मागनं तुमी म्हणाल, हजेरी खोटी," असं रांगेतून कोणीतरी म्हणालं. अकराला कोळंबीचा वास फिरायला लागला. निर्यातीची कोळंबी, काळी पडली तर बंदरावरही कोणी विचारत नाही. साडेअकराला मॅनेजरांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेनानं फळ्यावरच्या छापील यादीत खाली एक ओळ लिहिली, सही केली, शिक्का मारला. सुनंदा गणपत पावसकर, थोरली. 'थोरली' हा शब्द बाईंनी खिडकीआडून त्यांना लिहायला लावला. मुंबईलाही तसं पत्र गेलं. मग खिडकी उघडली.

बायकांनी त्या दिवशी आरडाओरडा केला असेल, फुलं दिली असतील असं कुणाला वाटेल. कोळंबी सोलायची होती, त्या पळत आत गेल्या. थोरली तेवढी खिडकीशी थांबली. बाईंनी तिला झापलं, "उभी काय ऱ्हायलीस गो? साडेतीन तास फुकट गेले तुझे." मी गार खोलीच्या काचेतून हे बघत होतो.

मुदतवाढ मिळाली नाही, हे सांगायला नको. कबुलीचा कागद बाईंनी सही न करता परत केला. दुबार हजेरीची चौकशी कधी झालीच नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. पण 'चौकशी चालू आहे' हे शेवटपर्यंत चालू राहिलं, म्हणजे निरोपाचा कार्यक्रम करायला नको. मधल्या सात महिन्यांत बाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. "आपल्याकडे कागद आहेत का?" "आपण सही करा." मी दोनदा माफी मागायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी पेन्सिल तासायला घेतली आणि मी उभा राहून परत आलो.

एकतीस मेला, कागदावरच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, बाई सुटल्या. खरं वय छप्पन्न. कपाटातून परत आलेली वही त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ही आता आपल्याकडे. यादी कॉम्प्युटरवरच असते, पण असू दे." पिशवीत डबा आणि ती करवंटी, काखेत छत्री. फाटकाशी दोघी सुनंदा थांबल्या होत्या. एकीनं पिशवी घेतली, दुसरीनं छत्री, आणि बाई दोघींच्या मधून बंदराच्या उताराला लागल्या. चालता चालता दोघींना कशावरून तरी मोठ्यानं झापत होत्या. वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.

खोलीत येऊन मी वही उघडली. ऑफिसातल्या माणसांच्या नोंदी शेवटच्या पानांवर होत्या, हे मला माहीत नव्हतं. माझीही ओळ होती. नाव, वडिलांचं नाव, गाव. जन्मतारखेचा रकाना रिकामा. माझ्या दाखल्यावर एक जून होती, बाईंनी तो दाखला पाहिलेला होता, तरी रिकामा. शेऱ्याच्या रकान्यात पूर्वी पेन्सिलीनं काहीतरी होतं, ते रबरानं पुसलेलं. पान खिडकीशी उजेडात धरलं तेव्हा अक्षरांचा दाब दिसला, 'भला माणूस'.

त्याच्यावर नवा शेरा होता. एकच शब्द, 'घाबरतो'. मी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, एकेक ओळ. पेन्सिल, पेन्सिल, पेन्सिल. सगळ्या वहीत शाईत लिहिलेला शेरा तेवढा एकच होता.